भाऊंच्या तोंडात घातलेलं पुस्तक

भाऊंची लाळ काही थांबायची नाही. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून तार निघायची, हनुवटीवर जरा रेंगाळायची आणि टपकन रेशमी गाऊनवर पडायची. कुणीतरी पुसायचं, की पुढची तयार. ज्या माणसाचं नाव काढलं की दुकानदार शटर ओढायचे, तो आता गळ्यात लहान पोराचं लाळेरं बांधून बसला होता. बघणाऱ्याला कीव यायला हवी होती म्हणे. मिरचीला किळस यायची.

लाळ पुसायला वेगळी बाई होती. मिरचीचं काम तोंडाच्या आतलं. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा जाते, त्यांना परत बोलायला शिकवायचं, हा तिचा धंदा. कॉलेज करून शिकलेली, सरकारी दवाखान्यात नोकरी, आणि तापट अशी, की मावशीने लहानपणीच हे नाव ठेवलं ते चिकटलंच. भाऊ दवाखान्यात आले आणि साहेबांनी ही केस मिरचीला दिली, तेव्हा ती घरी येऊन चप्पल भिरकावत म्हणाली, की त्या गटारात मी हात घालणार नाही.

तिला वाढवलं ते या मावशीने. मावशीचा नवरा, म्हणजे मिरचीचा काका, भाऊंचा ट्रक चालवायचा. एकदा माल घेऊन गेला तो गेलाच. ट्रक आला नाही, काका आला नाही, चौकशीलाही कुणी आलं नाही. मावशी भाऊंच्या फाटकावर किती वेळा जाऊन उभी राहिली असेल याला गणती नाही. दरवेळी पाण्याचा ग्लास मिळायचा आणि शोध चालू आहे असं उत्तर. पोलीस तर म्हणाले, बाई, नवरे पळतात. मावशीला पक्कं माहीत होतं की हा पळणारा नवरा नव्हे. चपलेचा अंगठा तुटला तरी आधी घरी येऊन सांगणारा माणूस, तो न सांगता कुठे जाणार?

मिरचीची चप्पल उचलून जागेवर ठेवत मावशी म्हणाली, "घाल हात. त्याला बोलता कर. मला एकच विचारायचंय, त्यांना कुठे पुरलं."

झालं. मिरचीने नाक दाबून केस घेतली.

आता ही विद्या कशी असते बघा. झटक्याने शब्द मरत नाहीत, त्यांची वाट बुजते. म्हणून आधी अर्धं वाक्य आपण बोलायचं आणि शेवटचा शब्द गाळायचा. "सूर्य पूर्वेला..." असं म्हणून थांबायचं. जमलं तर माणूस "उगवतो" म्हणतो. नाही जमलं तर पहिलं अक्षर ओठांवर नुसतं दाखवायचं, आवाज न करता. ते अक्षर धरून शब्द बाहेर येतो, आणि तो शब्द पुढच्या चार शब्दांना ओढून आणतो, विहिरीतून पोहरा ओढावा तसं. आणि वाक्यं परकी नकोत. माणसाने आयुष्यभर घोळवलेली, त्याची स्वतःची हवीत. म्हणून घरच्यांना सांगतात, फोटो आणा, जुने किस्से आणा.

भाऊंच्या चिरंजीवांनी पुस्तक आणलं.

चिरंजीव म्हणजे खोलीतही काळा चष्मा, आणि अंगाला अत्तराचा असा भपकारा की लिफ्टमधून उतरून गेले तरी लिफ्टमध्येच असायचे. तोवर भाऊ घरी आले होते आणि मिरची त्यांच्या बंगल्यावर जायला लागली होती. गुळगुळीत फरशी, भिंतभर टीव्ही, कोपऱ्यात खोटी झाडं, त्यांच्या पानांवर खरी धूळ. चिरंजीवांनी टीपॉयवर ते जाडजूड आत्मचरित्र ठेवलं. मुखपृष्ठावर भाऊंचे नुसते डोळे. चिरंजीव म्हणाले, बाबांनी स्वतः सांगितलंय, शब्द न् शब्द त्यांचा आहे, यापेक्षा घरचं काय असणार मॅडम.

मिरचीने वाचायला घेतलं. भाऊ लहानपणीच एका सावकाराच्या कानाखाली जाळ काढतात. भाऊ गोळी चुकवतात, आणि वर गोळी मारणाऱ्याला नेम कसा धरायचा ते शिकवतात. भाऊ कुणाला उडवतात तर आधी त्याच्या आईची परवानगी मागतात, आणि ती माउली म्हणते, बाळा, माझाच पोरगा नालायक, तू कर तुझं काम. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी म्हातारी हजर, भाऊंच्या डोक्यावरून हात फिरवायला. एवढ्या म्हाताऱ्या तर अख्ख्या वृद्धाश्रमात नसतील.

पण भाऊंच्या जिभेला ते पुस्तक लागू पडलं. "मी कधीच गरिबाच्या अंगावर हात..." मिरची म्हणायची आणि थांबायची. भाऊ तिच्या ओठांकडे टक लावून बघायचे. ती 'ट'चा आकार करायची. "टाकला नाही," भाऊ म्हणायचे, आणि शाबासकीसाठी कुत्र्यासारखं तोंड वर करायचे. लाळेची तार हलायची. हा पेशंट इतर कुणापेक्षाही भराभर पुढे जात होता. घरात आनंदीआनंद. नर्सबाई म्हणाली, मॅडमच्या हाताला गुण आहे. आपण कुणाला गुण देतोय हे आठवून मिरची बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची.

मग ते पान आलं.

"माझा सर्वांत विश्वासू, भावासारखा ड्रायव्हर माझी पैशांची पेटी आणि एक परकी बाई घेऊन पळाला. मी त्याला शोधलं नाही. भावाला कोण शोधतं?"

मिरचीचं डोकं सणकलं. पुस्तक भिंतीवर फेकायला हात उचललाच होता. पण ती नुसती तापट नव्हती, शिकलेलीही होती, आणि तिथेच माती खाल्ली. तिला वाटलं, वाक्य खोटं असेना, तोंड तर भाऊंचंच आहे. हा ड्रायव्हरबद्दल खोटं बोलायला लागला, की त्या खोट्याला धरून खरंही कधीतरी वर येईल. पोहरा सोडायचा, गाळ येतो का पाणी ते नंतर बघू. तिने ते वाक्य घेतलं आणि रोज घोटलं. "माझा ड्रायव्हर पेटी आणि परकी बाई घेऊन..." ओठ मिटून 'प'. "पळाला." पुन्हा. "पळाला." सुरुवातीला भाऊ त्या वाक्यावर डोळे फिरवायचे, भलतंच काहीतरी बडबडायचे, मान हलवून हलवून काही सांगू बघायचे. मिरची हात वर करून थांबवायची. चूक. पुन्हा म्हणा. आठवड्याभरात भलतं बोलणं बंद झालं.

भाऊ वाक्यं बोलायला लागले तसं मिरचीने मावशीला आणलं. मावशी धुतलेल्या कपड्यांत, हातातली पिशवी पोटाशी धरून सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. भाऊंनी तिला ओळखलं नाही. तिने नवऱ्याचं नाव घेतलं, ट्रकचा रंग सांगितला, आणि विचारलं, "त्यांचं काय केलंत?"

भाऊंचा चेहरा उजळला. आपल्याला येणारा प्रश्न आलाय म्हटल्यावर पोरगं उजळतं तसा. "माझा ड्रायव्हर," ते घडाघडा म्हणाले, "पेटी आणि परकी बाई घेऊन..." आणि थांबले. वळून मिरचीच्या ओठांकडे बघायला लागले. मिरचीचे ओठ सवयीने मिटले. "पळाला," भाऊ म्हणाले.

रस्त्याने परतताना मिरची शिव्या घालत होती, भाऊला, चिरंजीवाला, पुस्तकाला. मावशी पुढे चालत होती. कोपऱ्यावरच्या कुलूप-किल्लीच्या टपरीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "पळाले म्हणजे जिवंत असतील, नाही का गं?"

इतकी वर्षं जी बाई हाडं मागत होती, तिचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला होता. परकी बाई तर परकी बाई. पैसे चोरले तर चोरले. जिवंत ना? त्या आठवड्यात मावशीने काकाचे शर्ट ट्रंकेतून काढून उन्हात टाकले. पुस्तकसुद्धा विकत आणलं आणि ते पान इतक्या वेळा उघडलं, की पुस्तक आपोआप तिथेच उघडायला लागलं. कुठल्या गावाला पळाले ते भाऊंना विचार म्हणून तिने मिरचीमागे टुमणं लावलं. मिरचीला ते बघवेना. मावशीचं रडणं तिने सहन केलं असतं. हे उजळणं सहन होईना.

म्हणून ती लेखकाकडे गेली. पुस्तकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात 'शब्दांकन' असं लिहून एक नाव होतं. माणूस एका जिन्याखालच्या खोलीत सापडला. टेबलावर उष्टे कप, त्यात विझवलेल्या सिगरेटी, आणि भिंतीला टेकवलेले त्याच पुस्तकाचे गठ्ठे. आधी तो पेपरात राशिभविष्य लिहायचा. मिरची भाऊंची थेरपीवाली आहे म्हटल्यावर तो खूश झाला आणि सगळं बोलला. त्याला लपवायचं काही वाटतच नव्हतं.

भाऊ म्हणे काही सांगायचेच नाहीत. बसायचे, पोट साफ होत नाही म्हणायचे, कुत्र्यांबद्दल बोलायचे आणि घोरायचे. मग याने जुने पेपर चाळले, थोडं चिरंजीवांनी पुरवलं, बाकीचं हाताने वळलं. मिरचीने ड्रायव्हरचं विचारलं. लेखकाने आठवून सांगितलं, की मधे पुस्तक जरा पडत होतं, वाचकाला दगाबाजी लागते. बंगल्यात भिंतीवर एक जुना फोटो होता, ट्रकपाशी कुणीतरी उभा. हा कोण विचारल्यावर चिरंजीव म्हणाले, कुणी ड्रायव्हर होता, आता नाही. तेवढ्यावर पान रचलं.

"'भावाला कोण शोधतं?' हे लोकांना फार आवडलंय," तो म्हणाला. "रिक्षांच्या मागे लिहितात."

"आणि भाऊंना आवडलं?"

"भाऊंनी कुठे वाचलंय? छापून आलं त्याच महिन्यात त्यांना झटका आला." तो हसला. "त्यांना त्यांची गोष्ट तुम्हीच पहिल्यांदा सांगितलीत, मॅडम."

मिरची खोलीतून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला बसली. म्हणजे भाऊंच्या डोक्यात जे काही खरं होतं, कुठेतरी कोपऱ्यात, वाट बुजलेलं, ते सुरुवातीला धडपडत बाहेर येत होतं. मान हलवत होतं. आणि ती हात वर करून म्हणत होती, चूक. काय बडबडत होते ते? ती आठवायला गेली. एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा. कसला होता? गावाचं नाव? माणसाचं? तिने तो ऐकलाच नव्हता. चुकीचा शब्द कोण ऐकतं? तो खोडायचा असतो.

इकडे पुस्तकावर बोंबाबोंब चालू झाली होती. हे भाऊंचं नाहीच, भाऊंना चार ओळी धड बोलता येत नव्हत्या, असं कुणीतरी टीव्हीवर म्हणालं. चिरंजीव पेटले. त्यांनी बंगल्यावर पत्रकार बोलावले, कॅमेरे बोलावले. लोकांनीच बघावं की बाबांना आपलं पुस्तक तोंडपाठ आहे. झटका आलेला माणूस पाठांतर थोडंच करतो, जे आहे ते आतूनच येणार, असं त्यांचं म्हणणं. मिरचीला फोन आला, मॅडम, तुम्ही शेजारी हव्यात, बाबांना तुमचा धीर वाटतो. मिरचीच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण मावशीच्या कानावर बातमी आधीच गेली होती, आणि मावशी येणारच म्हणून हटून बसली. एवढे पेपरवाले असतील, त्यांच्यासमोर विचारलं तर गावाचं नाव सांगतील, असं तिला वाटत होतं.

बंगल्याच्या हॉलमध्ये दिवे लावले होते. त्या उजेडात भाऊंच्या चेहऱ्याला पावडर फासलेली दिसत होती, लाळेरं काढलेलं. मिरची कॅमेऱ्याबाहेर, पण भाऊंना दिसेल अशा स्टुलावर. मावशी मागे दाराशी. लेखकही होता, इस्त्रीच्या शर्टात.

चिरंजीवांनी एकेक विषय काढायचा आणि भाऊंनी वाक्य म्हणायचं असं चाललं. सावकार झाला, गोळी झाली. दरवेळी भाऊ शेवटच्या शब्दापाशी थांबत, तिकडे स्टुलाकडे बघत, मिरचीचे ओठ हलत, शब्द बाहेर पडे. पत्रकारांना वाटत होतं, म्हातारा भरून येऊन थांबतोय. एकीने तर डोळेसुद्धा टिपले.

"आणि तो ड्रायव्हर, बाबा?" चिरंजीव म्हणाले.

दाराशी मावशी एक पाऊल पुढे आली.

"माझा ड्रायव्हर पेटी आणि परकी बाई घेऊन..." भाऊ थांबले. स्टुलाकडे बघितलं.

मिरचीने ओठ दातांत धरले.

भाऊ बघत राहिले. हॉल बघत राहिला. भाऊंचा जबडा थरथरायला लागला, पावडरीतून लाळेने वाट काढली. चिरंजीव दात आवळून हळूच पुटपुटले, सांगा ना. मिरची हलली नाही. आणि मग, वर्गात मार खाणारं पोरगं घाबरून सुचेल ते बोलतं ना, तसं भाऊंनी पुस्तकात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द टाकला.

"मारला."

मग सगळे एकदम उठले.

मिरची सगळ्यांपेक्षा जोरात उठली. "थांबा," ती ओरडली. "यात काही नाहीये. पहिलं अक्षर मी देते, मग ते बोलतात. नाही दिलं की जो शब्द जिभेवर अडकलाय तो पडतो. हे बघा." ती भाऊंकडे वळली. "मी रोज सकाळी दात..."

"मारला," भाऊ म्हणाले आणि आशेने तिच्याकडे बघितलं.

"माझ्या मुलाचं नाव..."

"मारला."

"सूर्य पूर्वेला..."

"मारला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मिरची कॅमेऱ्यांना सांगत सुटली, पुस्तक यांचं नाही, यांनी ते वाचलेलंही नव्हतं, ते यांच्या तोंडात मी घातलंय, रोज, चमच्या-चमच्याने. तिचा आवाज फाटत होता. चिरंजीवांच्या माणसांनी दिव्यांच्या वायरी उपटल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

आता पुस्तक झोपणार असं मिरचीला वाटलं. छे. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फक्त पहिला 'मारला' दाखवला. दातांचा, सूर्याचा कापून टाकला. भाऊंची थरारक कबुली. पुस्तक संपलं, नवी आवृत्ती छापायला घेतली. ज्यांनी आधी पुस्तक खोटं म्हटलं होतं, तेच आता म्हणायला लागले, बाकी काहीही असो, हे मात्र काळजातून आलं.

मिरचीने घरी मावशीला समोर बसवून सगळं सांगितलं. लेखकाचं, फोटोचं, त्या हरवलेल्या शब्दाचं. काही राखलं नाही. मावशी हातातला शर्ट घडी करत ऐकत होती.

"म्हणजे पळाले तेही खरं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मारलं तेही नाही."

"मारलं असेल. पण तो म्हणाला म्हणून नाही, मावशी. तो सूर्यालाही मारला म्हणाला."

मावशीने घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "तुला राग येतो पटकन, एवढं माहीत होतं," ती म्हणाली. "कान नाहीत हे माहीत नव्हतं." मिरचीला वाटलं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी मावशीच्या फोनवर लेखकाचा फोन आला; बंगल्याच्या फाटकावरच्या वहीत 'ड्रायव्हरची बायको' म्हणून तिचा नंबर सापडला म्हणे. नव्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवायचंय, ड्रायव्हरच्या पत्नीच्या भावना हव्यात. मिरची फोन हिसकावायला धावली. मावशीने तिला हाताने मागे सारलं.

"लिहा," मावशी म्हणाली. "लिहा, की त्याच्या बायकोला काही माहीत नाही. आणि त्याच्यापुढे काही लिहू नका. रिकामं ठेवा." पलीकडून तो वाचकांबद्दल काहीतरी बोलत होता. मावशीने फोन ठेवून दिला.

नवी आवृत्ती आली तेव्हा मिरचीनेच ती दुकानात उभ्या उभ्या उघडली. शेवटी नवं प्रकरण होतं. त्यात ड्रायव्हरची म्हातारी बायको धाय मोकलून रडते, भाऊंच्या पायाशी बसते आणि म्हणते, 'भाऊ, तुम्ही खरं बोललात, माझ्या आत्म्याला शांती लाभली.' मग ती भाऊंच्या डोक्यावरून हात फिरवते.

मिरचीने ते पान टरकन फाडलं. दुकानदार ओरडला, तिने पैसे त्याच्या गल्ल्यावर आपटले. पान चोळामोळा करून घरी नेलं, आणि नेऊन पोचल्यावर वाटलं, कशाला आणलं. पण मावशीने हात पुढे केला होता. तिने ते मांडीवर सपाट केलं आणि चष्मा लावून वाचलं, शेवटपर्यंत.

"हात फिरवला म्हणे," ती म्हणाली.

मग ती उठली, मोरीत गेली, आणि ज्या माणसाला तिने कधी बोटही लावलं नव्हतं त्याच्यापायी साबण लावून हात घासत बसली, बराच वेळ. मिरची दारात उभी राहून पाणी ओतत होती.